ढेप, लाखोरी आणि बकरीचे पोट

नागपूरच्या गांधीबागेतून इतवारीकडे चालू लागले की कापडाचा ठोक बाजार हळूहळू मागे पडतो आणि किराणा, धान्य, तेल यांची दुकाने सुरू होतात. तेलाच्या व्यापाराला लागूनच ढेपेचा व्यापार असतो. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकाला 'ढेप' म्हटले की गूळ आठवतो. आम्हा वैदर्भीयांची ढेप म्हणजे बियांतले तेल काढून घेतल्यावर उरणारा चोथा. तिकडे तिला 'पेंड' म्हणतात. तेल माणसाच्या ताटात जाते आणि ढेप जनावरांच्या गव्हाणीत.

मी शास्त्रज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि तीस वर्षे ठोक व्यापाऱ्यांकडे हिशेब लिहीत आलो. खतावणीत ढेपेची खाती वेगवेगळी असत. सरकीची ढेप, जवसाची ढेप, भुईमुगाची ढेप ही जनावरांची. निंबोळीची, करंजाची, मोहाची ढेप ही शेताची, म्हणजे खताची. पहिल्या गटाचा भाव दुसऱ्या गटापेक्षा नेहमीच चढा. पण प्रथिने दोन्ही गटांत असतात. मग एक ढेप चारा आणि दुसरी खत, असे का? याचे उत्तर बाजारात एका शब्दात मिळते: 'कडू'. त्या एका शब्दामागे काय आहे ते शोधता शोधता मी जुने सरकारी अहवाल, पशुवैद्यकांचे प्रबंध आणि रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तके यांच्यापर्यंत पोचलो. त्या वाचनातून हाती लागलेला इतिहास इथे मांडतो आहे. हा इतिहास मुख्यतः विषाचा आहे: ते कोणी ओळखले, उतरवायच्या रीती कोणी काढल्या आणि त्या रीतींचा खर्च कोणाच्या माथी आला.

या इतिहासाच्या मध्यभागी बकरी आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटी सहा लाखांच्या आसपास बकऱ्या मोजल्या गेल्या. त्या बहुतांशी भूमिहीनांच्या आणि अल्पभूधारकांच्या दारात आहेत. घरात आजारपण आले, मुलीची फी भरायची झाली की पाठ किंवा बोकड विकला जातो. बँकेत खाते असो वा नसो, ही ठेव मोडता येते. पण उन्हाळ्यात चराई संपली की या ठेवीला खाऊ काय घालायचे, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. पाला वाळतो, कडब्यात प्रथिने नसल्यात जमा आणि चांगल्या ढेपेचा भाव परवडत नाही. अशा वेळी कडू, विषारी म्हणून टाकून दिलेल्या बियांकडे नजर वळते.

बी कडू का असते?

झाड आपली सर्वांत मोलाची शिदोरी बियांत भरून ठेवते. प्रथिने, तेल, पिष्ट हे सगळे उद्याच्या रोपासाठी असते. ही शिदोरी किडे, उंदीर, पाखरे आणि गुरे यांच्यापासून राखायची तर काही पहारा हवाच. काही झाडे कवच जाड करतात, काही काटे वाढवतात आणि पुष्कळशी झाडे बियांतच विष कालवतात. म्हणजे प्रथिने आणि विष एकाच घरात राहतात, हा काही योगायोग नाही.

आपल्या बायाबापड्यांना हे रसायनशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. सुरण चिंचेच्या पाण्यात उकडायचा, कडव्या वालांना मोड आणून साल काढायची, रानातला कडूकंद चिरून, राख लावून, वाहत्या पाण्यात ठेवायचा. या सगळ्या विष उतरवण्याच्याच रीती. त्यांत चार साधने पुन्हा पुन्हा येतात: पाणी, आच, राख किंवा चुना, आणि वेळ. पुढे प्रयोगशाळांनी जे केले त्यातही याच चार साधनांचा विस्तार आहे. फरक एवढाच की प्रयोगशाळेत पाणी नळाला येते आणि आच बटण दाबताच पेटते.

सरकी: गिरणीने नकळत केलेले काम

विदर्भाची ओळख कापसाची. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले तो हाच दिवस. मिलला हवी होती रुई. पण कापसाच्या वजनात रुई तिसरा हिस्सा आणि उरलेले जवळपास दोन हिस्से सरकी. जिनिंगच्या अंगणात साचणाऱ्या या ढिगाचे करायचे काय? शेतकऱ्यांकडे उत्तर तयार होते. सरकी भिजवायची, वाटायची आणि दुभत्या म्हशीला घालायची. तेल काढण्याचा मोठा धंदा त्या मानाने पुष्कळ उशिरा वाढला.

सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे विष असते. सरकीचा दाणा आडवा कापून पाहिला तर आत काळसर ठिपके दिसतात, त्या गाठींत ते साठवलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते तेलातून वेगळे केले गेले आणि १८९९ मध्ये मार्खलेव्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने त्याला आजचे नाव दिले. डुकरे, कोंबड्या अशा एकपोटी प्राण्यांच्या हृदयावर आणि यकृतावर त्याचा परिणाम होतो. चीनमध्ये कच्चे सरकी तेल वापरणाऱ्या गावांत पुरुषांना मुले होत नाहीत असे आढळले आणि १९७० च्या दशकात तिथे गॉसिपॉलचे पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून मोठे प्रयोग झाले.

मग आमच्या म्हशी आणि बकऱ्या पिढ्यान्‌पिढ्या सरकी खाऊन तगल्या कशा? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण गिरणीत आहे. बैलघाणीत बी फारसे तापत नाही. एक्स्पेलरमध्ये दाब आणि घर्षण यांमुळे ते चांगलेच तापते. या आचेत मोकळे गॉसिपॉल प्रथिनांतल्या लायसिन या घटकाला चिकटते. असे बांधले गेलेले गॉसिपॉल पोटात फारसे सुटत नाही. म्हणजे तेलासाठी लावलेल्या आचेने विष आपोआप उतरले. त्याची किंमत अशी की त्याच्याबरोबर लायसिनही अडकून पडते. कोंबडीला ही हानी जाणवते, कारण तिला लायसिन खाण्यातूनच मिळवावे लागते. बकरीला फारशी जाणवत नाही.

याचे कारण दुसऱ्या मुद्द्यात आहे. बकरी रवंथ करणारा प्राणी. तिच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. तिथे अगणित जिवाणू राहतात. खाल्लेले अन्न आधी ते खातात, त्यापासून आपली स्वतःची प्रथिने बनवतात आणि मग पुढच्या कप्प्यांत ते जिवाणूच पचले जातात. या भट्टीत गॉसिपॉलही प्रथिनांशी बांधले जाते. पण ही भट्टी जन्मतः पेटलेली नसते. दूध पिणाऱ्या करडाचे कोठीपोट तयार झालेले नसते. दोन-तीन महिन्यांपर्यंत त्याचे पोट जवळजवळ एकपोटी प्राण्यासारखेच चालते. त्या वयात सरकी किंवा सरकीची ढेप घातली तर करडे दगावू शकतात. मोठ्या जनावरांतही प्रमाण फार वाढले तर भट्टी अपुरी पडते आणि पैदाशीच्या बोकडाच्या बाबतीत तर हात राखूनच ढेप घालावी लागते.

गॉसिपॉल बांधण्याचे आणखी दोन उपाय पुढे आले. एक हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. दुसरा चुना. दोन्ही स्वस्त आणि दोन्ही आपल्या बाजारात मिळणारे. मध्य अमेरिकेत ग्वातेमालाच्या पोषण संस्थेने १९६० च्या सुमारास मक्याच्या पिठात निवडक सरकीचे पीठ घालून 'इंकापारिना' नावाचे मुलांचे खाद्यही बाजारात आणले. म्हणजे नीट प्रक्रिया केलेली सरकी माणसाच्या पोटाला चालते, हे सिद्ध झाले होते.

झाडातूनच विष काढून टाकण्याचाही प्रयत्न झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत गाठी नसलेला कापूस तयार झाला. पण गाठींबरोबर पहारा गेला आणि किडे व उंदीर यांनी त्या शेतांचा फडशा पाडला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात काम करणारे भारतीय वंशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये दुसरी वाट दाखवली: गॉसिपॉल फक्त बियांतून कमी करायचे, पानांत आणि बोंडात राहू द्यायचे. अमेरिकेत त्या वाणाला २०१८-१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र विदर्भातल्या बकरीपर्यंत आजही पोचते ती एक्स्पेलरची जुनीच ढेप. वायदेबाजारात सरकी ढेपेचा सौदा अकोल्याच्या नावाने निघतो, यावरून या मालाची नाळ कुठे आहे ते कळावे. त्या सौद्याचा भाव चढला की तिचा फटका शेवटी पाच बकऱ्या बाळगणाऱ्या बाईच्या पदराला बसतो.

लाखोरी: आधी बंदी, मग विषाचा शोध, मग पाणी

सरकीचे विष गिरणीने उतरवले, लाखोरीचे मात्र कोणी उतरवले नाही. तिच्यावर थेट बंदी आली.

लाख, लाखोरी, लाखोळी ही एकाच कडधान्याची नावे. छत्तीसगडात तिला तिवरा म्हणतात, बिहारमध्ये खेसारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात, ओल्या चिखलात लाखोरी फेकली जाते. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघाल्यावर मातीत उरलेल्या ओलीवर ती वाढते. प्रथिने भरपूर. दाणा माणसाला, कुटार जनावराला. दुष्काळात बाकी सगळे जळते आणि लाखोरी उभी राहते. तिचा हा गुणच तिचा शाप ठरला.

१८२९ पासून सागर भागात लागोपाठ गहू बुडाला. एका वर्षी गारपीट, दुसऱ्या वर्षी अवर्षण, तिसऱ्या वर्षी तांबेरा. तिवरा तेवढा तरारून आला आणि लोक त्याच्यावरच जगले. १८३३ मध्ये तरुण माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. मेजर जनरल स्लीमन, ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले तेच, यांनी १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात हे नोंदवून ठेवले आहे. शतक संपताना पुन्हा दुष्काळ पडले आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातल्या मध्य प्रांतातल्या या रोगाचा अहवाल लिहिला. तो १९०४ साली इथेच, नागपुरात छापला गेला. त्या रोगाचे शास्त्रीय नाव 'लॅथिरिझम' हे १८७३ मध्ये इटलीत पडले होते, कारण हे दुखणे युरोपलाही जुने होते. स्पेनच्या गोया या चित्रकाराने माद्रिदच्या दुष्काळात लाखेच्या पिठावर जगणारी आणि लुळी पडलेली माणसे आपल्या चित्रमालिकेत दाखवली आहेत.

जनावरांतही फरक दिसला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये हिंदुस्थानातून गेलेली लाख घोड्यांना घातली गेली आणि घोडे मागच्या पायांनी लुळे पडले, त्यांच्या घशातून घरघर येऊ लागली. घोडा रवंथ करत नाही. रवंथ करणाऱ्या गुरांना मात्र लाखेचे कुटार आणि थोडा दाणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

माणसांच्या बाबतीत रोगाचे गणित असे की लाख ताटात मुख्य अन्न झाली आणि असे काही महिने सलग चालले तरच पाय जातात. भाकरी-भाताबरोबर वरणापुरती खाल्ली तर बहुधा काही होत नाही. मग मुख्य अन्न ती कोणाच्या ताटात होती? मध्य भारतातल्या अनेक भागांत सालदारांना आणि वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य मोजून दिले जाई. गहू मालकाच्या कोठारात, तिवरा मजुराच्या ओटीत. लॅथिरिझमला मी विषबाधेच्या यादीत ठेवतो, पण त्याआधी मजुरीच्या इतिहासात ठेवतो.

आता सालांचा क्रम पाहावा. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली लाखेच्या विक्रीवर बंदी आणण्याची तरतूद झाली आणि महाराष्ट्राने ती लागू केली. मध्य प्रदेश, बिहार अशा जास्त पीक घेणाऱ्या राज्यांनी ती तशी लागू केली नाही. १९६४ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्ली इथल्या दोन स्वतंत्र गटांनी लाखेतले मज्जाघातक द्रव्य शोधून काढले. ओडॅप हे त्याचे आजचे लघुनाव. १९६६ मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की हे द्रव्य पाण्यात विरघळते. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवावी किंवा उकळावी आणि ते पाणी ओतून द्यावे, की विषाचा बहुतांश भाग निघून जातो. थोडी जीवनसत्त्वे जातात, प्रथिने राहतात.

म्हणजे बंदी आधी आली, विष नंतर सापडले आणि ते धुण्याची रीत सर्वांत शेवटी. शेवटची रीत हाती आल्यावर पहिल्या निर्णयाचा फेरविचार व्हायला हवा होता. तो व्हायला चार दशके लागली. त्यासाठी नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, उपोषणे केली आणि लाखोळी हे गरिबाचे प्रथिन आहे असा आग्रह धरला. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली. दरम्यान दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने 'रतन' हा, आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 'महातिवरा' हे कमी ओडॅपचे वाण दिले होते.

कोठारींच्या विरोधकांची बाजूही पोकळ नव्हती. ज्यांनी रीवा आणि छत्तीसगड भागातले काठी टेकत चालणारे तरुण पाहिले, त्यांना बंदी ही माणुसकीच वाटली असणार. मला खटकते ते दुसरेच. बंदीच्या काळात लाख पिकणे थांबले नाही. ती तूरडाळीत आणि बेसनात भेसळ म्हणून जात राहिली आणि चाऱ्याच्या नावाखाली विकली जात राहिली. म्हणजे विष तसेच राहिले, फक्त त्याच्यावरचे नाव पुसले गेले. नाव पुसलेली वस्तू कोणी भिजवत नाही, कोणी तिचे पाणी ओतून देत नाही. रीत माहीत असूनही ती वापरण्याची संधी बंदीने काढून घेतली.

खतात गेलेली प्रथिने

आता माझ्या खतावणीतला दुसरा गट. निंबोळीचा कडूपणा त्यातल्या अझाडिरॅक्टिनसारख्या द्रव्यांचा, करंजाचा करंजिनचा, मोहाचा सॅपोनिनचा. मोहाच्या ढेपेने डोहातले मासे भोवळतात हे गोंडांना आणि ढिवरांना जुने माहीत. त्याच गुणामुळे ती हिरवळीतले गांडूळ बाहेर काढायलाही वापरली गेली.

१९८० च्या दशकापासून बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने निंबोळीच्या मगजाच्या ढेपेवर चिकाटीने काम केले. आधी ती पाण्याने धुऊन वासरांना घातली. कडूपणा गेला, पण पाण्याबरोबर ढेपेचा विरघळणारा भागही वाहून गेला आणि धुतलेला ओला चोथा पुन्हा वाळवणे आले. म्हणून दुसरी रीत निघाली: ढेपेत युरियाचे पाणी कालवून ती काही दिवस हवाबंद ठेवायची. युरियापासून अमोनिया सुटतो आणि तो कडू द्रव्ये मोडतो. पाणी थोडे लागते, काही वाया जात नाही आणि युरियातला नत्र ढेपेत उरतो. कोठीपोटातले जिवाणू तोही वापरतात. १९९० च्या दशकात अशी प्रक्रिया केलेली ढेप भुईमुगाच्या ढेपेच्या जागी वाढत्या बकऱ्यांना घालून पाहण्यात आली आणि ती त्यांना मानवली. करंजाच्या आणि एरंडीच्या ढेपेवर सोडा आणि चुना यांचे असेच प्रयोग मेंढ्यांवर झाले.

प्रत्येक विष असे वठणीवर येत नाही. २००३ नंतर जैवइंधनाच्या घोषणेबरोबर मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, लागवड गावोगाव सुरू झाली. डिझेल मिळेल, ढेप जनावराला जाईल, असा हिशेब मांडला गेला. पण जट्रोफात दोन जातींची विषे आहेत. एक जात आचेने मरते. दुसरी, फोर्बॉल एस्टर, आचेला दाद देत नाही. सुदानमध्ये १९७० च्या दशकातच हे बी खाऊन बकऱ्या मेल्याचे प्रयोग छापून आले होते. ते वाचायला कोणालाही मज्जाव नव्हता. प्रयोगशाळेत ही ढेप निर्विष करता येते, पण त्यासाठी अल्कोहोलसारखी द्रावके लागतात आणि गावाच्या अंगणात ते शक्य नाही. प्रत्येक विषाला त्याचा स्वतःचा उतारा लागतो. 'उकळले की झाले' हा नियम सरकीला लागू पडला म्हणून जट्रोफाला पडत नाही.

बकरीने दिलेले उत्तर

या इतिहासातले मला सर्वांत आवडणारे प्रकरण सुबाभळीचे आहे. मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या 'बाएफ' संस्थेने १९७० च्या दशकात ही वाढीला वेगवान झाडे महाराष्ट्रात आणून पसरवली. पाल्यात प्रथिने उत्तम, बकरी आवडीने खाते. पण त्यात मिमोसिन असते. ते जास्त गेले की केस गळतात. शिवाय कोठीपोटात मिमोसिनपासून डीएचपी नावाचे द्रव्य तयार होते आणि ते गलग्रंथीचे काम बिघडवते. ऑस्ट्रेलियातली गुरे सुबाभूळ खाऊन आजारी पडत होती.

तिथल्या रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की हवाई बेटांवर बकऱ्या तोच पाला पोटभर खातात आणि त्यांना काही होत नाही. झाड तेच, विष तेच, मग फरक कुठे? फरक बकरीच्या कोठीपोटात राहणाऱ्या जिवाणूंत होता. १९८० च्या दशकात हवाई आणि इंडोनेशिया इथल्या बकऱ्यांच्या कोठीपोटातला रस ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला गेला आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. तो जिवाणू वेगळा करून १९९२ मध्ये त्याला जोन्स यांच्या नावावरून 'सिनर्जिस्टिस जोन्सिआय' हे नाव दिले गेले. ज्या झाडाजवळ बकऱ्या पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या, तिथे विष उतरवण्याची विद्या त्यांच्या पोटात तयार झाली होती. माणसाने ती एका जनावराकडून दुसऱ्याकडे पोचवली.

बकरीची आणखी एक विद्या तिच्या चरण्यात आहे. ती एका झुडपाशी थांबत नाही. बाभळीची शेंग, बोरीचा पाला, पळसाचे कोवळे पान, असे तोंड लावत पुढे जाते. कोणत्याही एका विषाची मात्रा तिच्या पोटात साचत नाही. अमेरिकेत युटा इथे फ्रेडरिक प्रोव्हेन्झा यांनी दाखवले की ज्या पाल्याने पोट बिघडले तो पाला बकरी पुढे टाळते, हे ती अनुभवाने शिकते. लाखेने लुळ्या पडलेल्या मजुरालाही हे कळत होतेच. पण त्याला दुसऱ्या झुडपाकडे जायची मुभा नव्हती. आणि खुंट्याला बांधून एकच ढेप घातलेल्या बकरीलाही ती नसते.

हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रीती आहेत, शोध आहेत, प्रबंध आहेत. तरी कडू ढेप आजही खतातच का जाते?

माझ्या मते उत्तर रसायनात सापडत नाही, खर्चाच्या रकान्यात सापडते. लाखेचे विष पाण्याने निघते, पण लाख मुख्य अन्न होते ते दुष्काळात, म्हणजे नेमके पाणी आणि सरपण नसते तेव्हा. निंबोळीची ढेप धुता येते, पण विदर्भात ढेपेची गरज लागते ती एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा बाई पिण्याचे पाणी डोक्यावर आणत असते. हवाबंद खड्डा करायला प्लॅस्टिकचा कागद हवा, युरिया हवा, आणि त्याची मात्रा चुकली तर युरिया स्वतःच जनावराला मारतो, म्हणून जवळ उभे राहून शिकवणारा माणूस हवा. एका जनावरासाठी ही यातायात कोणी करत नाही. तीनशे जनावरांसाठी एकदाच केली तर परवडते.

एक्स्पेलरने सरकीचे विष उतरवले ते याचमुळे. तिथे तो खर्च तेलाच्या भावात आधीच भरून निघालेला होता आणि बकरीवाल्याच्या खात्यावर त्यातला एक पैसाही आला नाही. ज्या रीतीचा खर्च गिरणीने किंवा संस्थेने सोसला ती टिकली. ज्या रीतीचा खर्च पाणी वाहणाऱ्या बाईवर टाकला ती प्रबंधात राहिली.

नागपुरात या कामाला लागणारे सगळे काही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहे. तेलतंत्र शिकवणारी लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ पासून आहे. पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून, केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून. शहराबाहेर तेलगिरण्या आहेत, पूर्वेला लाखोरीचे जिल्हे आहेत, बांधाबांधावर कडुनिंब आणि करंज आहेत, आणि विदर्भाची स्वतःची 'बेरारी' ही बकरी आहे. निंबोळीची ढेप गिरणीच्या दारातच युरियाची प्रक्रिया करून, पोत्यावर मात्रा लिहून आणि 'तीन महिन्यांखालच्या करडांना देऊ नये' असे मराठीत छापून विकायला कोणता शोध लावायचा उरला आहे? लाखेचे कमी विषाचे बियाणे भंडाऱ्याच्या कृषी केंद्रात तुरीच्या बियाण्याशेजारी ठेवायला कोणता प्रयोग बाकी आहे? आता ठरवायचे आहे ते एवढेच, की हा खर्च कोणाच्या नावे मांडायचा.

हिशेबनिसाची एक सवय असते. नफा दिसला तरी तो आधी विचारतो, खर्च कुठे लिहिला आहे? दोनशे वर्षांच्या या इतिहासात मी तोच रकाना शोधत गेलो. १८३३ मध्ये तो लुळ्या पडलेल्या मजुरांच्या पायांवर लिहिलेला सापडला. आज तो उन्हाळ्यात अर्ध्या भावात विकल्या जाणाऱ्या पाठीवर लिहिलेला असतो, आणि ही नोंद कोणत्याही सरकारी अहवालात येत नाही. बाजारात मात्र ती दर मे महिन्यात, सोमवारी, बुधवारी, त्या त्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, उघड्यावर होते.